वाढवू म्हणाली डॉक्टरीण

"तुमच्या लहान मेंदूतली दोन जनुकं वाढवू," डॉक्टर नायला म्हणाली, आणि सुगंधाबाई कासारीण खुर्चीतून ताडकन उठल्या.

"वाढवू? परवा नातीचा चुडा भरायचाय मला! काही चांगलं बोल की, बाई."

नायला गोंधळली. पडद्यावर सुगंधाबाईंच्या लहान मेंदूचा नकाशा होता. कोणत्या भागात कोणती जनुकं जागी आहेत, ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. हाताचा भाग विझत चालला होता, म्हणून तर दोन वर्षं त्यांच्या हातून एक बांगडी धड चढत नव्हती. नाकात औषधाचा फवारा मारला की नेमका तेवढाच भाग उजळणार होता.

"अहो आजी, वाढवायला हरकत काय?"

"आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि तू माझा मेंदूच फोडायला निघालीस!"

पेशींच्या पोटात शिरून नकाशे काढणाऱ्या शहाण्यांपैकी एकानंही कधी कासारणीला एक शब्द विचारला नव्हता. नायला निदान लाजली तरी. "बरं, जागी करू," ती फवारा उचलत म्हणाली. "मान सैल सोडा, आजी. दुखणार नाही."

तिसऱ्या दिवशी मांडवात नातीचे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरले आणि सुगंधाबाईंच्या हातून एकही बांगडी वाढली नाही. जेवायला आलेल्या नायलाचं मनगट मोकळं दिसलं, तसं त्यांनी तिला पुढ्यात बसवलं आणि तिचा पंजा हलकेच दाबला. नायलानं घाबरून डोळे मिटले.

"हात सैल सोड, पोरी," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुखणार नाही."