काकूंचं रान
सुगी सरली की आमची मेंढरं लोहारा गावच्या मथुराकाकूंच्या रानात बसायची. चार दिसांत चार एकर लेंडीखतानं भरून निघायचं आणि जाताना काकू सूपभर ज्वारी माझ्या पदराच्या ओट्यात घालायच्या. औंदा काकूंचा सांगावा आला न्हाय, तरी सवयीनं आमी नवरा-बायको मेंढरं घेऊन आलो. रान कुठलं, तिथं प्लॉट पडले होते. सिमेंटचा रस्ता झाला होता, बांधावरच्या बाभळीच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. एका नव्या घराच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. शेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं एक रोप. "आलीस व्हय बानू? बसव की मेंढरं." "आता कुठं बसवू, काकू?" त्यांनी डब्याकडं बोट दाखवलं. "एवढंच ऱ्हायलंय बघ रान." मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या. मग मेंढरांनी रस्त्यावर टाकलेल्या लेंड्या म्या ओंजळीनं गोळा केल्या आणि रोपाच्या बुडाला घातल्या. काकू घरातून सूप घेऊन आल्या. ज्वारी दुकानातली होती. तरी म्या ओटा पसरला. तेवढ्यात त्यांची सून पाण्याचा पाइप घेऊन बाहेर आली. "किती घाण केली दारात!" म्हणत तिनं उरलेल्या लेंड्या गटारात लोटल्या. मग तिची नजर डब्याकडं गेली. काकूंनी डबा मांडीवर ओढला आणि पदराखाली झाकून घेतला.