निळ्या पँटवरचा लाल रंग

फौजदाराने छडीचं टोक मनमोहनच्या मांडीवर टेकवलं. "हा लाल रंग कुठला?"

मनमोहनने मांडी मागे घेतली. परळच्या त्या शेडमध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचे फलक वाळत होते. दारात दोन शिपाई उभे होते. पलीकडे दादरची लीला उभी होती. मोर्चाच्या घोषणा तीच लिहून द्यायची. तो कागद तिने छातीशी धरला होता, आणि वर्षभरात पहिल्यांदाच ती मनमोहनकडे डोळे भरून बघत होती.

इतके दिवस तिने बघितलं होतं ते राजारामकडे. आणि राजारामच्या अंगावर बघण्यासारखं होतं तरी काय? चोरबाजारातून आणलेली कुण्या खलाशाची जुनी निळी पँट. आजची पोरं तिला जीन्स म्हणतात. सत्तावन्न साली ती नुसती खलाशी पँट होती. गुडघ्यांवर लोंबणारी, आणि उजव्या मांडीवर रंगाचे थरच्या थर. डिलाईल रोडच्या चाळीतला हा पेंटर ब्रश फडक्याला कधी पुसायचाच नाही, सरळ मांडीला पुसायचा. लीला एकदा हसत म्हणाली होती, "राजारामच्या पँटवर सगळी चळवळ लिहिलीय." ते वाक्य मनमोहनच्या मनात जे रुतलं ते निघालं नाही.

खरी पँट तर मनमोहनकडे होती. ठाकूरद्वारच्या कोठाऱ्यांचा मुलगा तो. मामा बोटीवर इंजिनिअर, त्याने ती थेट न्यूयॉर्कहून आणलेली. मनमोहनने ती गिरगावातल्या शिंप्याकडून इतकी आवळून घेतली की पलंगावर आडवं पडून, श्वास रोखून चढवावी लागे. ती घालून तो पहिल्यांदा शेडमध्ये आला तेव्हा लीलाने मानही वर केली नाही. बघितलं ते राजारामने. दोन बोटांत कापड धरलं, "ओरिजनल काय रे?" म्हणाला आणि पुन्हा खाली बसून अक्षरं भरू लागला.

मनमोहन जळत राहिला. जेवताना जळला, कॉलेजात जळला, सभेत टाळ्या वाजवतानाही जळला. शेवटी त्याने शेडमधल्या डब्यातला हिरमुजी लाल रंग औषधाच्या बाटलीत भरून नेला, घरच्या गच्चीवर पँट पसरली आणि तिच्यावर मनसोक्त शिंपडला.

नशीब बघा. त्याच रात्री बंदराजवळच्या एका सरकारी गोदामावर त्याच लाल रंगात कुणीतरी 'झालाच पाहिजे' लिहून ठेवलं. सकाळी मनमोहन शेडमध्ये शिरला तेव्हा लीलाने त्याची पँट बघून हळूच विचारलं, "गोदामावर तू लिहिलंस?" तो नुसता हसला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. अर्ध्या तासात पोलीस आले.

"रंग कुठला, विचारतोय मी," फौजदार म्हणाला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण लीलासमोर ते वाक्य बोलण्यापेक्षा मनमोहनला तुरुंग सोपा वाटला.

"मीच लिहिलं," तो म्हणाला.

लीलाचे डोळे पाण्याने भरले. राजाराम तेव्हा आठ फुटी फलकामागे बसला होता. पोलिसांना तो दिसला नव्हता, आणि मागचं दार त्याच्यापासून दोन पावलांवर होतं. मनमोहनला दोन्ही ठाऊक होतं. पळून जा, असं तो मनातल्या मनात राजारामला विनवत होता. एकदा का तो पळाला, की कोण भित्रा ते लीलाला कायमचं कळणार होतं.

राजाराम फलकामागून बाहेर आला. ब्रश हातातच होता.

"साहेब, त्याला उकिडवं बसायला सांगा."

"कशाला?"

"गोदामाची भिंत कमरेएवढीच आहे, वर सगळे पत्रे. अक्षरं खाली आहेत, उकिडवं बसूनच लिहायला लागतात. त्या पँटमध्ये तो स्टुलावरसुद्धा बसू शकत नाही."

फौजदाराने छडीने खूण केली. मनमोहन वाकला. गुडघे अर्ध्यावर अडले. त्याने आणखी जोर केला आणि मागची शिवण टरकन फाटली. शिपाई खो खो हसले. लीला हसली नाही, तिने फक्त मान फिरवली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

राजारामने सवयीने ब्रश उजव्या मांडीला पुसला. कालच्या लाल रंगावर आजचा पांढरा बसला. मग त्याने दोन्ही हात पुढे केले. "लिहिणारा मी."

त्याला बाहेर नेलं. मनमोहन एका हाताने सदरा मागे ओढत गाडीपर्यंत धावला. लाजेने तो अर्धा झाला होता. ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून आपण तळमळलो, तोच आपल्यासाठी आत चालला होता.

"मागचं दार उघडं होतं, राजाराम," तो गाडीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला. "माझ्यासाठी कशाला केलंस हे?"

राजारामने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. शेडच्या दारात लीला उभी होती.

"तुझ्यासाठी नाय रे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुझी पँट बघून जळलो, ते गिळलं. पण मघाशी ती तुझ्याकडे जशी बघत होती ना, ते काय मला बघवलं नाय."