आहे तसं घर

ज्या घरात साधा फ्रिज उघडायलाही सासूबाईंना विचारावं लागायचं आणि ज्या घरातून नवऱ्यानं तिला नेसत्या वस्त्रानिशी हाकललं, तेच घर बँकेनं जप्त करून लिलावात काढलं. तिनं ते हट्टाला पेटून घेतलं.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी बँकेचा अधिकारी तिच्यासमोर डोकं धरून बसला.

"मॅडम, मुलगा केव्हाच पसार झालाय, पण त्याची आई आत ठाण मांडून बसलीय. म्हणते, इथून हलणार नाही. व्यवहार रद्द करायचा का?"

"छे हो! 'आहे तसं घर' असंच छापलं होतं ना तुम्ही जाहिरातीत? मग राहू दे की त्यांना."

ती गोड हसली.



"फक्त एवढं सांगा, फ्रिज उघडायच्या आधी मला विचारायचं."