फोपनारचा दशरथ

"फोपनारहून आलात ना?" वैजयंतीबाईंनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं.

खालच्या बाकावरचा माणूस उठला. साठीचा, खांद्यावर पंचा, मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. त्यानं मान हलवली.

"मग या लवकर. मुलं केव्हाची ताटकळलीत."

बुधवारा मोहल्ल्यातल्या त्या लहानशा दवाखान्यात खाली ताप-खोकल्याचे पेशंट बघत आणि माडीवर मनाचे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहा महिन्यांची उमेदवारी वैजयंतीबाई इथे करून घेत आणि शेवटच्या दिवशी परीक्षा घेत. परीक्षेला खरा पेशंट बसवायचा नाही, हा त्यांचा नियम. दुसऱ्याचं दुःख कुणाच्या मार्कांसाठी नसतं, असं त्या म्हणत. म्हणून दरवर्षी एखाद्या नटाला पेशंट करत.

यंदा फोपनार गावचा भाईदास होता. रामलीलेत त्याचा दशरथ रडायला लागला की मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावतात, अशी ख्याती. बाईंनी त्याला पाहिलं नव्हतं. तिथल्या शाळेतल्या शिक्षिकेकडून निरोप धाडला होता, "झोप न येणारा माणूस करा. बाकी तुमच्यावर."

परीक्षेला दोघंच. रितेश हुशार, नेटका, नाकासमोर चालणारा. पूर्णिमा मागच्या वर्षी इथेच अडकली होती; नटाबरोबर ती स्वतःच रडत बसली होती. ही तिची शेवटची संधी. विद्यापीठ तिसरी देत नाही.

आधी रितेश. झोप किती, भूक कशी, घरी कोण, सगळं क्रमानं विचारलं. माणूस "हो" आणि "नाही" एवढंच बोलला. कागद मात्र व्यवस्थित भरला.

मग पूर्णिमा आत गेली. बाई आणि रितेश शेजारच्या खोलीच्या काचेतून पाहू-ऐकू लागले. पूर्णिमानं काहीच विचारलं नाही. "बसा काका, घाई नाही," म्हणाली आणि समोर बसून राहिली. पाच मिनिटं गेली. बाईंनी कपाळाला हात लावला.

आणि तो माणूस बोलायला लागला.

"माह्या घरवालीनं, मालूनं, रातच्याले पाणी मांगलं. आठ महिने झाले. मी म्हटलं, तुह्या हातानं घे ना, मले झोपू दे. सकाळी पाहतो त ती थंडी पडेल होती."

पूर्णिमानं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तवापासून पाणी घशाखाली उतरत नाही, बेटा. चाय पितो, ताक पितो. पाणी नाही."

बाईंच्या अंगावर काटा आला. आपण झोप सांगितली आणि या माणसानं पाणी आणलं! ती मालू कुठून आणली, ते आठ महिने कुठून आणले? तीस वर्षं त्या पेशंट पाहत आल्या होत्या. आवाजात अशी थरथर त्यांनी खऱ्या पेशंटातही क्वचितच पाहिली होती.

"रितेश, बघून घे," त्या हलकेच म्हणाल्या. "याला म्हणतात देणगी. अशा माणसापुढे हात जोडावेत."

रितेशनं खरंच जोडले.

आत पूर्णिमा म्हणाली, "काका, मला खूप तहान लागलीय. मला देता का थोडं पाणी?"

माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, दोन्ही हातांनी पेला भरून आणला. अर्धं वाटेत सांडलं. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि पेला त्याला परत दिला. तो पुन्हा माठाकडे गेला. या वेळी पेला त्यानं स्वतःच्या तोंडाला लावला. एक घोट. मग दुसरा.

बाईंचे डोळे भरून आले. वेळेची घंटा झाली तेव्हा त्या टाळ्या वाजवतच आत गेल्या.

"वा! कमाल केलीत हो!"

माणूस गोंधळून उभा राहिला. "पुढल्या मंगळवारी येऊ ना, मॅडम?"

रितेशला हसू आवरेना. "भूमिका अजून सोडायला तयार नाहीत!"

"आता यायची काही गरज नाही," बाई प्रेमानं म्हणाल्या. "तुमचं काम झालं."

त्यानं पूर्णिमाकडे पाहिलं आणि खाली मान घालून जिना उतरला. टेबलावर नटाच्या सत्कारासाठी ठेवलेल्या शाल-नारळाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. केवढा निर्मोही माणूस, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात पूर्णिमा चपला अडकवून त्याच्या मागे धावली.

ती तासाभरानं परतली.

"कुठे गेली होतीस?"

"बसमध्ये बसवून आले. माझा नंबर लिहून दिला. मंगळवारी या म्हटलं."

"नटाला?"

"मॅडम, सच में, मला ते झूठ वाटलंच नाही."

"हीच तर तुझी अडचण आहे," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा जीव तुटत होता. "पाणी मागितलंस ते मला या जन्मात सुचलं नसतं. पण घंटा झाल्यावरही ज्याला खरं आणि सोंग वेगळं करता येत नाही, त्याच्या हाती माणसं कशी द्यायची?"

बाईंनी तिच्यासमोरच कागद भरला. रितेश उत्तीर्ण, पूर्णिमा अनुत्तीर्ण. कॉम्प्युटरवरून निकाल विद्यापीठाला पाठवला. पूर्णिमानं वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि निघून गेली.

दीडच्या सुमाराला जिन्यावर धावती पावलं वाजली. एक उंचापुरा माणूस धापा टाकत दारात उभा राहिला. केस मानेवर रुळणारे, डोळ्यांत काजळ, काखेत कपड्यांची पिशवी.

"माफ करजा, मॅडम. सकाळची बस हुकली, केळीच्या ट्रकात बसलो त तो रस्त्यातच बंद पडला, अन् मोबाइल बी डिस्चार्ज." त्यानं घाम पुसला आणि पेशंटच्या खुर्चीत बसून घेतलं. "मी भाईदास. आता सांगा, रडाले कुठून सुरू करू?"