सामाईक भिंत

"नाही म्हणजे नाही," चांगुणाबाई म्हणाल्या आणि चहाची कपबशी त्यांनी शेजारच्या रोशनबींपुढे सरकवली. "मी या घरातून हलणार नाही."

त्यांचे यजमान मल्हारीभाऊ हसले. त्यांचे हसणेही हळुवार होते. सरकारी नोकरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि गंगापूर रस्त्याच्या पुढे, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, त्यांनी बंगला बांधून पूर्ण केला होता. वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला होता. आणि गृहिणीच हटून बसली होती.

"भाभी, आता तुम्हीच समजवा," ते रोशनबींना म्हणाले. "माझे शब्द हिच्यापुढे संपले."

ओळीने बांधलेल्या रो-हाउसांपैकी त्यांचे घर टोकाचे होते. त्याची एक भिंत रोशनबींच्या घराशी सामाईक होती. पलीकडे मिरची कांडली की अलीकडे फळीवरच्या डब्यांची झाकणे वाजत. अलीकडे कोणी खोकले की पलीकडून चौकशी येई. चांगुणाबाईंचे अंथरूण गेली कित्येक वर्षे त्याच भिंतीलगत पडत असे.

"मल्हारीभाऊ, तुम्ही जाणार म्हणून वाईट वाटतं," रोशनबींचे पती इनायतभाई म्हणाले. ते सुतार होते. नव्या बंगल्याची सागवानी दारे-खिडक्या त्यांनी स्वतःच्या हाताने घडवली होती. "इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण तुमचा चढा आवाज कधी ऐकला नाय. आमच्याकडं तर रोज दंगल!"

"दंगल कोण करतं? मी?" रोशनबींनी विचारले.

"बघा! झाली सुरू."

सगळे हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत.

पुरुष अंगणात गेल्यावर रोशनबी त्यांच्याजवळ सरकल्या. "अगं, येडी का तू? चारी बाजूंनी वारा, दारात बाग, नि तू या डबीएवढ्या खोल्यांना चिकटून बसलीस?"

"तिथे मध्ये कुणाची भिंत नाही, भाभी."

"तेच तर सुख! माझ्या खलबत्त्याचा ठणाणा नाही."

"पेठला यांची बदली होती, तेव्हा होतं आमचं तसं घर," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "गावाबाहेर. एकटंच." त्यांनी पुढे काही सांगण्यासाठी ओठ उघडले, तोच दारात मल्हारीभाऊ दिसले.

"पेठची हवा हिला मानवली नाही," ते म्हणाले. "तिथल्या थंडीवाऱ्यानेच हिचा डावा कान गेला. इकडे आल्यापासून प्रकृती कशी छान आहे. नव्या घरी मी ऊन येईल अशी खोली हिच्यासाठी मुद्दाम काढली आहे."

रोशनबींचे डोळे पाणावले. बायकोच्या कानाची एवढी काळजी वाहणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. मी दर शुक्रवारी येईन. आता नाही म्हणू नकोस."

चांगुणाबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिले. मग मान खाली घातली. "तुम्ही म्हणता म्हणून, भाभी."

वास्तुशांत यथासांग पार पडली. होमाचा धूर नव्या छताला लागून निवळला. गुरुजींनी प्रसन्न मनाने आशीर्वाद दिला. "ओळीतल्या टोकाच्या घरात मनुष्य तीन भिंतींचा धनी असतो, चौथीचा केवळ भागीदार. स्वतंत्र वास्तूत चारही दिशा यजमानाच्या. तिथे त्याची सत्ता अखंड."

मल्हारीभाऊंनी वाकून नमस्कार केला.

जेवणे आटोपली. पाहुणे पांगले. दुपार कलताना इनायतभाई आणि रोशनबी तेवढे मागे राहिले.

"इनायतभाई, तुमच्या कामाची परीक्षा राहिली," मल्हारीभाऊ म्हणाले. "तुम्ही दोघे फाटकाशी उभे राहा. मी दारे-खिडक्या लावून घेतो. चांगुणा आतल्या खोलीतून हाक मारील. ऐकू येते का पाहू."

"अरे वा! लावा पैज."

दार मिटले. दोघे फाटकाशी कान देऊन उभे राहिले. मळ्यात कुठे तरी पाण्याचे इंजिन धडधडत होते. द्राक्षांच्या मांडवावर साळुंक्या भांडत होत्या. बऱ्याच वेळाने दार उघडले.

"आली का हाक?" मल्हारीभाऊंनी विचारले.

"कसली हाक नि काय!" इनायतभाईंनी मांडीवर थाप मारली. "काही म्हणता काही नाय आलं. भाऊ, याला म्हणतात सागवान!"

"मारली तरी होतीस का गं?" रोशनबींनी चेष्टेने विचारले.

"मारली," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा घसा बसला होता. "पुन्हा पुन्हा मारली, भाभी."

रोशनबींनी पदराने त्यांचे डोळे टिपले. "होमाचा धूर फार झाला गं तुला. जरा पड आता." मग मल्हारीभाऊंकडे वळून त्या म्हणाल्या, "माझी मैत्रीण तुमच्या हवाली करते हां, भाऊ."

"निश्चिंत असा," मल्हारीभाऊ म्हणाले.

इनायतभाईंची स्कूटर दोघांना घेऊन मळ्याच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मल्हारीभाऊ हात हलवत उभे राहिले. मग त्यांनी फाटक लावले, दाराला आतून कडी घातली आणि खिडक्या एकेक करून मिटल्या. मनगटावरचे घड्याळ काढून देव्हाऱ्याजवळ ठेवले. कमरेचा पट्टा सोडून तो सावकाश मुठीभोवती गुंडाळला.

"त्या भिंतीने फार वर्षे माझे हात बांधून ठेवले होते," ते त्याच हळुवार आवाजात म्हणाले. "हं. मार आता तुझ्या भाभीला हाक."