भार्गवीची कळ

व्हॉलीबॉलच्या पाचव्या सेटमध्ये भार्गवीच्या स्मॅशने समोरच्या मुलीचं नाक फुटलं. पुढचाच चेंडू अडवताना भार्गवीची दोन बोटं मोडून लोंबली, पण तिला काहीच जाणवलं नाही. व्यावसायिक खेळाडूला होणारी कळ त्याच्या मानेत बसवलेली चकती कुणा अनोळखी, पगारी सोसणाऱ्याकडे पाठवायची.

तोच प्रेक्षकांतले तिचे कीर्तनकार वडील, आप्पा, आपली धडधाकट बोटं आवळून किंचाळले. ती त्यांच्याकडे धावली.

"आप्पा, तुम्ही सोसत होतात? चकती बसवल्यापासून बारा वर्षं?"

"रेड्याला मारलं नि वळ माउलींच्या पाठीवर उठले, हे आजवर नुसतं सांगतच आलो होतो गं."

"म्हणजे मी रेडा?" रडता रडता तिला हसू फुटलं.

मग तिने चकती उपटली. कळ थेट मस्तकात गेली. गुरासारखी ओरडत ती मैदानात परतली आणि त्याच हाताने तिने सर्व्हिस मारली.