घाईतला कावळा

विमानं बंद होती, म्हणून बाबांच्या दहाव्याला कौमुदीने सिडनीतल्या घराच्या बॅकयार्डमध्येच पिंड ठेवला. पुण्याहून आत्या व्हिडिओ कॉलवर होती.

"कावळा शिवला नाही तर काय बोलायचं, ठरवलंयस ना?" आत्याने विचारलं.

कौमुदीने ठरवलं होतं. शेवटी शेवटी बाबा सारखं तिचंच नाव घेत होते. बॉर्डर उघडली की पहिल्या विमानाने येते, असं ती त्यांना सांगणार होती. पण तिने हात जोडले, तोवर लॉकडाउनमुळे जवळच्या वेंटवर्थव्हिल भागातली हॉटेलं थंडावल्यापासून उपाशी फिरणारा एक कावळा कुंपणावरून उतरला आणि पिंडाला चोच मारून मोकळा झाला.

"लगेच शिवला गं!" आत्या म्हणाली. "दादाची कसलीच इच्छा मागे राहिली नाही. सुटला बिचारा."

"हो, आत्या," म्हणून कौमुदीने फोन ठेवला.

मग ती आत गेली, उरलेल्या भाताचा आणखी एक पिंड वळून घेऊन आली आणि त्याच्याशेजारी गवतात बसली. कावळा पुन्हा उतरला.

"थांब रे जरा," त्याला हाताने हाकलत ती म्हणाली, "मला बाबांशी बोलू दे."